घरभाडे, थकबाकी आणि मुदत : चाळींच्या इतिहासातून एक बोध

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजा होत, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. मी स्वतः ते अनेक वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतले. परंतु या तीन गरजांमध्ये एक मोठा भेद आहे, तो पाठ्यपुस्तकात कोठे सांगितलेला नसतो. हातात पैसा कमी असला म्हणजे गृहिणी चुलीवरचा खर्च आवरते, डाळीत पाणी वाढविते, एक वेळचे दोन वेळा पुरविते. वस्त्राला ठिगळ लावून आणखी एक वर्ष काढता येते. घरभाड्याला मात्र ठिगळ लागत नाही. महिना संपला की ते पुरतेपणी द्यावे लागते. अर्धी खोली सोडून अर्धे भाडे देण्याची सोय जगात कोठेही नाही. म्हणूनच मिळकत थांबलेल्या कुटुंबावर पहिला घाला येतो तो छपरावर.

हा विषय या वर्षीच्या स्मरणिकेसाठी निवडण्यास कारण आहे. सूस हे आपले गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या पुष्कळ आधीपासून पाषाण, बाणेर व हिंजवडीच्या वाढीमुळे येथे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. आज आपल्या अनेक ज्ञातिबांधवांच्या संसाराला खोल्यांच्या भाड्याचा आधार आहे. म्हणजे ज्यांचे आजे-पणजे मुंबईत भाडेकरू होते, ते आज येथे मालक झाले आहेत. अशा वेळी आपले पूर्वज भाडेकरू असताना भाडे थकल्यावर त्यांचे काय होई, त्यांना कोणी व कसे तारले, हे जाणून घेणे उपयोगाचे होईल.

सरकारी चाळींचा आरंभ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले आणि पाहता पाहता शहरभर हाहाकार उडाला. गोरगरिबांच्या अंधाऱ्या, दाटीवाटीच्या वस्त्या हे रोगाचे घर आहे, हे सरकारच्या ध्यानात आले, आणि १८९८ साली कायदा करून मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले व काही चाळी बांधल्या. परंतु जितकी घरे पाडली तितकी लवकर बांधून झाली नाहीत. ज्यांची बिऱ्हाडे उठली ते शेजारच्या वस्तीत शिरले, तेथील गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर भाडेही वाढले. तथापि ट्रस्टच्या ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांनी हजारो श्रमिकांस आसरा दिला. परळ येथील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्याची सुमारे दोन दशके काढली. विद्वत्तेचा तो प्रचंड व्याप चाळीतील दोन लहानशा खोल्यांत सुरू झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे परवडणाऱ्या भाड्याची खोली समाजाला केवढे देऊन जाते याची कल्पना येईल. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महानगरपालिकेत विलीन झाला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांचा धंदा तेजीत आला, कामगारांची रीघ लागली, आणि मालकांनी भाडी भराभर चढविली. तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते काढले. या खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बी. डी. डी. चाळ हा शब्द रूढ झाला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. खर्चासाठी कर्ज काढले, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसविली. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक चाळ तळमजला व वर तीन मजले, चाळीत ऐंशी खोल्या आणि खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट.

येथे इतिहासाचा पहिला धडा लक्षात घ्यावा. सिमेंट काँक्रीटचे हे बांधकाम अपेक्षेपेक्षा महाग पडले. पूर्ण खर्च वसूल होईल असे भाडे आकारले असते तर गिरणीतील साधा कामगार त्या खोलीकडे फिरकलाही नसता. म्हणून सरकारला तोटा सोसून भाडे उतरवावे लागले. तरीही प्रथम अनेक खोल्या रिकाम्याच पडून राहिल्या. वरळीची वस्ती त्या काळी गिरण्यांपासून लांब, पाण्याची व दिव्याबत्तीची सोय अपुरी, आणि भिंती उन्हाने तापणाऱ्या. खुर्शेद नरिमन यांनी या खात्याच्या कारभारावर, विशेषतः बॅकबेच्या भरणीवर, टीकेची झोड उठविली. सत्याग्रहाच्या चळवळीत, १९३० नंतर, वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत देशभक्तांना डांबण्याची पाळी आली, यावरून त्या खोल्या किती रिकाम्या होत्या हे कळून येते. पुढे वस्ती वाढली, आणि याच चाळी माणसांनी ओसंडू लागल्या. सरकारने यातून एक साधा हिशेब शिकावा लागला. रिकाम्या खोलीचे भाडे शून्य असते. भाडे उतरवून वस्ती टिकविणे यात दया आहे तसा व्यवहारही आहे.

कायद्याने दिलेली मुदत

आता खासगी मालकांच्या चाळींकडे वळू. महायुद्धातील भाडेवाढ ही केवळ मुंबईची गोष्ट नव्हती. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९१५ साली जहाजबांधणीच्या कारखान्यांतील कामगारांच्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. मेरी बार्बर नावाच्या गृहिणीने त्यांचे पुढारपण केले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने भाडे रोखणारा कायदा केला. मुंबई सरकारनेही १९१८ साली कायदा करून लहान घरांची भाडी १ जानेवारी १९१६ च्या पातळीवर बांधून टाकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा तोच प्रसंग ओढवला. अनेक तात्पुरत्या कायद्यांनंतर १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला व १९४८ च्या फेब्रुवारीत तो अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे धरण्यात आले. लोक या कायद्याला भाडे गोठविणारा कायदा म्हणून ओळखतात. परंतु माझ्या मते त्यातील सर्वांत माणुसकीचे कलम दुसरेच होते. भाडे थकले म्हणून मालकाने एकदम दावा लावावयाचा नाही, प्रथम लेखी नोटीस द्यावयाची व एक महिना थांबावयाचे, असे त्या कायद्याच्या बाराव्या कलमात सांगितले होते. भाडेकरू भाडे देण्यास तयार व राजी असेल तोपर्यंत त्याला घराबाहेर काढता येत नसे. सहा महिने वा अधिक थकबाकी साचून नोटिशीनंतरही जो स्वस्थ बसे, त्याच्या बाबतीत मात्र कायदा कठोर होई.

१९९९ साली महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात ही मुदत वाढविण्यात आली. नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस लोटल्याखेरीज मालकाला दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी शेकडा पंधरा दराच्या सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढे निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरले, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. मालकाला व्याज मिळते, भाडेकरूला श्वास घेण्यास अवधी मिळतो. दोघांचेही हित पाहणारी अशी कलमे आपल्या कायद्यांत थोडीच असतील.

या व्यवस्थेत एक विसंगती मात्र होती व आहे, ती वाचकांनी नीट समजून घ्यावी. सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. १९४७ च्या कायद्यातही त्या वगळलेल्या होत्या. त्यांच्यासाठी १९५५ साली सरकारी जागा खाली करून घेण्याचा वेगळा कायदा झाला. याचा अर्थ असा की, सरकारी चाळीतील भाडेकरूला स्वस्त भाड्याचे सुख होते, परंतु खासगी चाळीतील भाडेकरूला कोर्टात मिळणारी हक्काची मुदत त्याला नव्हती. त्याचे भाडे थकले तर तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. गरिबांसाठी म्हणून बांधलेल्या घरात गरिबाला मुदतीचा हक्क नसावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गावकीची खोली

कायदा व सरकार यांच्याखेरीज तिसरा एक हात होता, आणि आपल्या लोकांना बहुधा त्याच हाताने तारले. घाटावरून आणि कोकणातून मुंबईस गेलेला एकटा मनुष्य स्वतंत्र बिऱ्हाड करू शकत नसे. एका गावचे दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक गडी मिळून एक खोली घेत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, त्यामुळे एकाच जागेत आळीपाळीने निजणे जमे. प्रत्येकाची पेटी भिंतीशी, वळकटी कोपऱ्यात. जेवण खाणावळीत. खाणावळीच्या बाईचा हिशेब पगाराच्या दिवशी चुकता व्हावयाचा, आणि पगार बुडाला तर ती बाईदेखील थांबावयाची. याच खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनीही धोबी तलावाच्या परिसरात गावागावांचे ‘कूड’ स्थापिले होते. जहाजावरून उतरलेला मनुष्य नवे काम मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात अल्प वर्गणीत राही.

मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतील डबेवाल्यांचीही हीच रीत होती. या खोल्यांचा अलिखित नियम असा की, भाडे खोलीचे असते, माणसाचे नसते. ज्याचे काम चालू तो भरील, ज्याचे बंद तो लागल्यावर भरील. वहीत मांडून ठेवावयाचे, परंतु चारचौघांत उच्चार करावयाचा नाही. आधुनिक भाषेत ज्याला विमा म्हणतात तो हाच. फरक इतकाच की, त्याचा हप्ता पैशांपेक्षा विश्वासाने भरला जाई.

या रीतीची कसोटी संपाच्या दिवसांत लागे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार घरी बसले होते. सहा महिने पगार नाही म्हणजे सहा महिने भाडेही नाही. पुष्कळांनी गावची वाट धरली. त्यानंतरचा मोठा आघात १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाचा. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि असंख्य घरे कायमची उद्ध्वस्त झाली. माझे एक चुलते त्या वेळी डिलाईल रोडच्या सरकारी चाळीत गावकऱ्यांबरोबर राहात. गिरणी बंद पडताच ते पेटी घेऊन गावी आले आणि वर्षभर शेतावर राबले. तेवढ्या काळात त्यांच्या वाट्याचे भाडे खोलीतील दोघांनी भरले. त्यांपैकी एक डबे वाहणारा होता, दुसरा गोदीतला. चुलते परत गेले ते गिरणीत नव्हे, एका गोदामात हमालीला. परंतु जाण्यासाठी त्यांना जागा होती, म्हणूनच जाता आले. दर महिन्यास थोडे थोडे करून त्यांनी ते पैसे फेडले. खोली सुटली असती तर मुंबईच सुटली असती, असे ते म्हणत.

दुसरी बाजू

इतिहास लिहिताना एकच बाजू सांगणे योग्य नव्हे. १९४० च्या पातळीवर भाडी वर्षानुवर्षे गोठून राहिल्यामुळे खासगी मालकांना डागडुजी परवडेना. छपरे गळू लागली, जिने खचू लागले. नव्या भाडेकरूकडून पागडीच्या रूपाने मोठी रक्कम घेण्याची प्रथा फोफावली आणि ज्याच्यापाशी पागडी नाही त्याला शहरात जागा मिळेनाशी झाली. अखेर पडक्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा करून वेगळे मंडळ नेमावे लागले, आणि त्याचा खर्च भागविण्यासाठी उपकर बसविण्यात आला. म्हणजे भाडे कायमचे गोठविल्याने जो आज राहतो त्याचे भले झाले, परंतु जो उद्या येणार त्याचा मार्ग अडला.

सरकारने नवी घरे बांधण्याचाही उद्योग केला. मुंबई गृहनिर्माण मंडळाचा कायदा १९४८ साली झाला. १९५२ पासून केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अर्धे कर्ज व अर्धे अनुदान देण्याची योजना चालविली, त्यामुळे भाडे खर्चापेक्षा कमी ठेवता आले. पुढे म्हाडा अस्तित्वात आली. परंतु तेथेही थकबाकीचा प्रश्न सुटला नाही. मुंबईतील वसाहतींचे सेवाशुल्क वर्षानुवर्षे साचत गेले आणि म्हाडाला अभय योजना काढून व्याजात सवलत द्यावी लागली. यावरून असे दिसते की, थकबाकी वेळीच हप्त्यांनी फेडून घेतली तर ती फिटते. साचू दिली तर ती फेडणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि शेवटी माफच करावी लागते.

करोनाच्या साथीने हा प्रश्न पुन्हा एकदा प्रत्येकाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. टाळेबंदीत मिळकती थांबल्या तेव्हा राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये घरमालकांना सूचना दिली की, किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी व भाडे थकल्याच्या कारणावरून कोणाला घराबाहेर काढू नये. हजारो मजूर पायी गावाकडे निघाल्याचे दृश्य देशाने पाहिले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने शहरी गरिबांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. इंग्लंडमध्ये मात्र २००१ पासून अशी तजवीज होती की, सरकारी भाडे-साहाय्य घेऊनही ज्याचे भाडे भागत नाही, त्याला स्थानिक कौन्सिलने चौकशी करून अडचणीपुरती जादा मदत द्यावी. आपल्याकडे घर बांधण्यास अनुदान मिळते, घर विकत घेण्यास व्याजात सूट मिळते. परंतु नोकरी गेलेल्या मनुष्याचे दोन महिन्यांचे भाडे भरून त्याचे बिऱ्हाड वाचविणारी सर्वसाधारण सरकारी व्यवस्था नाही. ती उणीव ज्ञाती, गाव आणि शेजार यांनीच भरून काढावयाची आहे.

बी. डी. डी. चाळींची कथा आता नव्या वळणावर आहे. २०१७ साली त्यांच्या पुनर्विकासाचा आरंभ झाला, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोलीतून हे घर निघाले. ज्या कुटुंबांनी संपात, टंचाईत, आजारपणात ती खोली कशीबशी टिकविली, त्यांनाच ते लाभले. एखाद्या महिन्याचे भाडे कोणी भरले, कोणी थांबून घेतले, त्याचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती पडले.

आपले कर्तव्य

सारांश, या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. भाडे परवडणारे असावे, थकल्यास फेडण्यास मुदत असावी, आणि मुदतीच्या काळात कोणी तरी पाठीशी असावे. पहिली गोष्ट सरकारच्या हातची, दुसरी कायद्याच्या, आणि तिसरी आपल्या. मुदत ही फुकटची मदत नव्हे. ज्याला ती दिली तो बहुधा पैसे फेडतो, कारण त्याची बायकामुले, शाळा, काम सर्व त्या छपराला बांधलेले असते. ज्याला रस्त्यावर काढले त्याच्याकडून मालकाला एक पैसाही मिळत नाही, आणि समाजाला एक मोडलेले कुटुंब मिळते.

म्हणून आपल्या मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, आपण शिष्यवृत्ती निधी चालवितो त्याच धर्तीवर एक लहानसा घरभाडे साहाय्य निधी काढावा. नोकरी सुटलेल्या, आजारी अथवा विधवा झालेल्या ज्ञातिबांधव-भगिनींचे जास्तीत जास्त तीन महिन्यांचे भाडे त्यातून बिनव्याजी उसने द्यावे. रक्कम थेट मालकाकडे जावी, फेड हप्त्यांनी घ्यावी, आणि साहाय्य घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये. गावकीच्या खोलीतील वहीचा नियम हाच होता.

दुसरी सूचना सूस व आसपासच्या गावांतील आपल्या मालकवर्गास आहे. आपल्या खोल्यांत आज मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून आलेली माणसे राहतात. ती आपल्या ज्ञातीची नाहीत, बहुधा आपल्या भाषेचीही नाहीत. परंतु आपले आजे डिलाईल रोडला पेटी घेऊन उतरले तेव्हा तेही तेथे परकेच होते. एखाद्याचे भाडे थकले तर कुलूप लावण्यापूर्वी त्याला कारण विचारावे, करार लेखी करावा, थकबाकी कागदावर मांडावी आणि फेडण्याचे हप्ते बांधून द्यावेत. कायदा नव्वद दिवस थांबण्यास सांगतो. ते थांबणे कोर्टात जाऊन भाग पडण्यापेक्षा आपल्या ओट्यावर बसून आपण होऊन स्वीकारावे. आपल्या पूर्वजांना कोणी तरी अशीच मुदत दिली होती. ते ऋण फेडण्याची संधी आपल्याला आपल्याच गावात मिळाली आहे.